उलट्या जोडाचा डबा

रिकामे डबे काचेत मांडायचे, त्यांच्यावर दिवे सोडायचे आणि लोकांकडून तिकीट घेऊन ते दाखवायचे, हा काय प्रकार आहे हे डावरीला दोन वर्षं झाडू मारूनही कळलं नव्हतं. भरलेले असते तर एक वेळ गोष्ट वेगळी. इथे सगळा रिकामा कारभार. बिस्किटांचे पत्र्याचे डबे रिकामे, साबणाची खोकी रिकामी, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या रिकाम्या. चॉकलेटचे चुरगळलेले कागद तर इस्त्री फिरवून चौकटीत बसवलेले. बाहेर पाटीवर सोनेरी अक्षरांत 'वेष्टन संस्कृती संग्रहालय' असं लिहिलं होतं. डावरी त्याला उकिरडा म्हणायची. सकाळी घरातून निघताना सुनेला ओरडून सांगायची, "येते गं उकिरड्यावर जाऊन!"

काच पुसायची म्हणजे काय, तर माणसाच्या नाकाचं तेल पुसायचं. जो येतो तो काचेला नाक लावून बघतो. पोरं तर जीभ लावतात. बाकांच्या खाली चघळलेल्या गोळ्या चिकटवलेल्या, त्या नखांनी खरवडून काढायच्या. पत्र्याच्या डब्यांना गंज सुटतो, त्याची तांबूस पूड काचेच्या फटीतून बाहेर येते आणि नाकात बसते. संध्याकाळी घरी जाऊन डावरी नाक शिंकरायची तेव्हा रुमालावर गंज निघायचा.

पण या सगळ्याहून घाण होती ती साहेबाची खोड. संग्रहालयाचा साहेब शिकलेला, बोलायला मऊ, कुणावर आवाज न चढवणारा. त्याला कुठलाही जुना डबा मिळाला की तो आधी झाकण काढायचा, आत नाक घालायचा आणि डोळे मिटून मोठा श्वास ओढायचा. "अहाहा! काळाचा वास!" असं म्हणायचा. एकदा मिशीच्या मलमाची डबी हुंगताना त्याच्या नाकाच्या शेंड्याला काळं काहीतरी लागलं, ते तसंच घेऊन तो पाहुण्यांसमोर अर्धा तास बोलला. दारावरच्या वॉचमनने त्याचं नाव हुंग्या ठेवलं होतं. समोर साहेब, मागे हुंग्या.

डावरीचं खरं नाव सरकारी कागदावर होतं, ते तिथेच राहिलं. डाव्या हाताने सगळी कामं करते म्हणून डावरी. माहेरी डावरी, सासरी डावरी, आणि इथे वयामुळे डावरीमावशी. कामाला आली तेव्हा ठेकेदाराच्या माणसाने विचारलं होतं, "आधी कुठे होतीस?" तिने सांगितलं, "घरीच." हे खोटं होतं. लग्नानंतर सात वर्षं ती दूध-भुकटीच्या कारखान्यात डब्यांना लेबलं लावत होती. संग्रहालय ज्या इमारतीत होतं ते त्याच कारखान्याचं जुनं गोदाम. कारखाना कधीच बंद पडला होता. मालकाच्या वारसांनी गोदाम दान दिलं, वर काचेची कपाटंही करून दिली, म्हणून दारातच त्यांच्या नावाची संगमरवरी फरशी. ती फरशीही डावरीच पुसायची.

पहिल्या दिवशी तिसऱ्या कपाटापाशी आली आणि तिचं फडकं थांबलं. लहान बाळांच्या दुधाचा डबा. निळा कागद, त्यावर गालाला खळ्या पडलेलं हसरं बाळ. कारखान्यात बायका त्याला गुबऱ्या म्हणायच्या. गुबऱ्याचा डबा दिसणारच, त्यात नवल नव्हतं. नवल होतं त्याच्या जोडाचं. लेबलाचा कागद डब्याभोवती गुंडाळला की त्याची एक कड दुसरीवर चढते, तो जोड. कारखान्यातल्या सगळ्या डब्यांची वरची कड उजव्या अंगाला यायची. याची डावीकडे आली होती. खाली कार्डावर साहेबाने लिहिलेलं वॉचमनने वाचून दाखवलं: 'उलट्या जोडाचा डबा. अतिशय दुर्मिळ. बहुधा परदेशी यंत्रावर चिकटवलेला नमुना.'

परदेशी यंत्र! डावरीने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं.

कारखान्यात लेबलं लावणाऱ्या बायकांवर एक मुकादमीण होती. कणकेची खळ ती स्वतः शिजवायची आणि तिचे दोन कायदे होते. पहिला, लेबल लावलं की सुकेपर्यंत हात लावायचा नाही. दुसरा, जोड उजवीकडेच. डबे खोक्यात रांगेने बसतात, एकाचा जरी जोड उलटा आला तर रांग बेंगरूळ दिसते. डावरी नवी असताना तिचा डावा हात पुढे आला की मुकादमीण त्यावर खळीचा ब्रश हाणायची. "तुझा हात घरी ठेवून ये गं! इथे उजवा लागतो." डावरी उजव्या हाताने शिकली. इतर बायका दिवसाला पाचशे डबे लावायच्या, ही कशीबशी तीनशे. सात वर्षं ती त्या टेबलावरची सगळ्यात ठोंबी बाई.

एक सुट्टीचा दिवस सोडून.

त्या दिवशी मुकादमीण सकाळीच घरी आली. म्हणाली, "चल, थोडं जास्तीचं काम आहे. छापखान्याने तारीख चुकीची छापली, नवी लेबलं वरच्यावर चढवायची आहेत. तूच चल. बाकीच्या बडबड्या आहेत." शेडमध्ये नऊशे डबे मांडलेले. त्यांच्यावर आधीचं लेबल होतंच. तोच गुबऱ्या, तोच निळा कागद, फक्त मुदतीची तारीख मागची. मुकादमीण म्हणाली, "आज उजवा-डावा बघायचा नाही. कुठल्याही हाताने कर, पण संध्याकाळच्या आत उरकून टाक."

डावरीने उरकलं. डावा हात मोकळा सुटला तसा तो पळतच राहिला. कागद उचल, खळ फिरव, डबा गरकन वळव, अंगठ्याने कड दाब. ऊन उतरायच्या आत नऊशे डबे. मुकादमीण बघतच राहिली. "अगं, तू तर यंत्र आहेस!" म्हणाली. सात वर्षांत मिळालेली तेवढी एकच शाबासकी. त्या दिवसासारखं काम पुन्हा कधी झालं नाही, आणि तिला ते करताना मजा आली होती. हीच गोष्ट पुढे तिला सलत राहिली.

कारण दुपारी एक डबा हातातून निसटला, कडेवर आपटला आणि झाकण उडालं. आत पिवळी पडलेली भुकटी, ओल्या भिंतीच्या पोपड्यासारखी ढेकळं धरलेली. बाहेर पडलेल्या ढेकळात काहीतरी वळवळत होतं. वास असा की खळीच्या बादलीचा वाससुद्धा त्यापुढे गोड वाटावा. मुकादमिणीने पायानेच ते टेबलाखाली सारलं. म्हणाली, "एखादा असतो असा." डावरीने मान डोलावली आणि पुढचा डबा उचलला.

दीड महिन्याने तिच्या नणंदेची तान्ही मुलगी आजारी पडली. नणंद नवऱ्याहून मोठी, डावरी तिला वन्सं म्हणायची. वन्सं शिवणकाम करायच्या, नवऱ्यामागे एकट्या, आणि उतारवयाकडे झुकताना झालेली ती पहिलीच पोर. छकुली. अंगावरचं दूध पुरत नव्हतं म्हणून वरचं चालू होतं. डावरी बघायला गेली तेव्हा पोर पातळ हगून हगून कापडासारखी लोळागोळा झालेली. खोलीभर आंबूस वास. चुलीवरच्या फळीवर निळा डबा होता. त्याची कड डावीकडे.

डावरीने डबा फिरवून जोड पुन्हा बघितला. मग म्हणाली, "वन्सं, हे वरचं दूध बंद करा की. उकळलेलं पाणी द्या नुसतं."

"डॉक्टर म्हणाला चालू ठेवा. अंगात काही राहायला नको का तिच्या?"

"तरी पण बंद करा."

"का गं?"

एवढा एक प्रश्न. डावरीच्या तोंडात उत्तर तयार होतं. मग तिला मुकादमीण दिसली, कारखान्याचं फाटक दिसलं, आपला नवरा दिसला, आणि ती म्हणाली, "असंच. मला बरं दिसत नाही."

चौथ्या दिवशी छकुली गेली.

त्याला एकतीस वर्षं झाली. तो डबा वन्संनी टाकला नाही. पोरीचा फोटो काढलेला नव्हता आणि गुबऱ्याच्या गालाला जशा खळ्या तशाच छकुलीला होत्या, असं त्या म्हणायच्या. डबा धुऊन त्यांनी त्यात बटणं ठेवली. शिवणयंत्राशेजारी तो कायम असायचा, आणि त्यांच्या घरी गेलं की डावरी यंत्राकडे पाठ करून बसायची. "तुला माझ्या यंत्राचं काय वावडं आहे गं?" वन्सं हसून विचारायच्या. डावरी म्हणायची, "आवाजाने डोकं दुखतं." यंत्र बंद असलं तरीही.

आणि आता हुंग्याने वर्तमानपत्रात जाहिरात दिली. 'घरचा जुना डबा आणा, आम्ही त्याची गोष्ट जपू.' सोबत फोटो छापला तो नेमका उलट्या जोडाच्या डब्याचा, आणि खाली, असा दुसरा कुणाकडे असल्यास जरूर कळवावे.

त्या दिवशी सकाळपासून माणसांची रांग. प्रत्येकाच्या हातात काही ना काही गंजलेलं. हुंग्या टेबलामागे बसून एकेकाचं झाकण उघडत होता, नाक घालत होता आणि धन्य होत होता. कुणाच्या डब्यात झुरळांची अंडी, कुणाच्या डब्यात मेलेली पाल. त्यालाही तो "अरे वा!" म्हणाला. डावरी बादली आणि पोछा घेऊन मागे मागे पुसत होती. दुपारी रांग ओसरली आणि शेवटी दारातून वन्सं आल्या. चांगले कपडे घातलेले, चष्मा पुसलेला, कापडी पिशवीत डबा.

"काय गं डावरे, तुझ्या साहेबाला भेटायला आले! पेपरात माझाच डबा छापलाय, बघ!"

डावरीने पोछा भिंतीला टेकवला. तो घसरून खाली पडला.

हुंग्याने डबा हातात घेतला आणि जोड बघून उभाच राहिला. "दुसरा! ताई, हा जगातला दुसरा!" मग अर्थातच झाकण उघडलं. आत बटणं होती. ती बाजूला सारून त्याने नाक आत घातलं. "अहाहा, अजून दुधाचा वास आहे हो!"

वन्संचा चेहरा उजळला. "येतो ना? मलासुद्धा येतो. लोक म्हणतात भास आहे."

"तुमच्या घरी बाळ होतं तेव्हाचा?"

"माझी छकुली. यातलंच दूध प्यायली ती. शेवटपर्यंत."

हुंग्याने फोन समोर धरला. "ताई, हे पुन्हा एकदा सांगाल? रेकॉर्ड करतो. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावू आपण. 'माझं बाळ यातलंच दूध प्यायलं.' केवढा जिव्हाळा आहे यात! कारखान्याच्या वारसांना तर फार आवडेल."

वन्संनी घसा साफ केला, केस सारखे केले, आणि फोनकडे बघून शाळेतल्या पोरीसारखं सावकाश सांगितलं, "माझं बाळ यातलंच दूध प्यायलं."

हुंग्या म्हणाला, "दोन मिनिटं हं, दानाचा कागद आणतो, सही लागेल," आणि आतल्या खोलीत गेला.

टेबलावर डबा होता. बादलीत गरम पाणी होतंच. डावरीने नवं फडकं भिजवलं, पिळलं आणि डब्याच्या जोडावर घट्ट गुंडाळलं.

"अगं, काय करतेस? धूळ मी पुसूनच आणलीय."

"थांबा जरा."

"ओलं नको करू गं! चेहरा जाईल तिचा!"

"नाही जायचा. खाली दुसरा आहे."

कणकेची खळ जुनी झाली तरी गरम पाण्याला ओळखते. मनातल्या मनात शंभर मोजायचे, फडकं काढायचं, कडेखाली अंगठ्याचं नख घालायचं. खालचा कागद रोगणाचा, गुळगुळीत. त्यावर वरचा कधी नीट बसलेलाच नव्हता. डाव्या हाताने तिने कड धरली आणि ओढली. साल निघावी तसा गुबऱ्या अख्खा निघून आला. त्याच्या खाली तसाच गुबऱ्या, त्याच खळ्या. आणि खाली जुनी तारीख.

हुंग्या कागद घेऊन बाहेर आला आणि किंचाळला. "मावशी! काय केलंत हे? वेड लागलं का तुम्हाला? गुन्हा आहे हा!"

"आहे," डावरी म्हणाली. ती हुंग्याशी बोलत नव्हती. "वन्सं, तारीख वाचा. ही खरी. वरची मी लावली. माल सडका होता, अळ्या पडल्या होत्या त्यात, मी डोळ्यांनी पाहिल्या. नऊशे डबे होते. एका दिवसात लावले. माझ्याच हाताचे तेवढे जोड डावीकडे येतात, बाकी कुणाचे नाही."

वन्संनी चष्मा वर सरकवला. तारीख वाचली, पुन्हा वाचली. बोटांवर काहीतरी मोजलं.

"तुला कधी कळलं?"

"तुमच्या फळीवर बघितला तेव्हाच."

"तेव्हा छकुली होती."

"होती."

"दूध बंद करा म्हणाली होतीस."

"म्हणाले होते."

"का, ते नाही सांगितलंस. मी विचारलं होतं तुला."

वन्संनी डबा पिशवीवर उपडा केला. बटणं खळखळ करत आत पडली. तळाला चिकटलेलं एक त्यांनी नखाने काढलं, तेही टाकलं. रिकामा डबा टेबलावर ठेवला, हात कपड्याला पुसले, आणि दाराबाहेर गेल्या.

हुंग्या अजून थरथरत होता. मग त्याने डबा उचलला, सुटलेला कागद उजेडात धरला, खालचा बघितला. थरथर थांबली. "मावशी," तो हळूच म्हणाला, "दुहेरी लेबल! असा नमुना कुठल्याच संग्रहालयात नाही हो!"

त्याने डावरीला कामावरून काढलं नाही. आठवड्याभरात तिसऱ्या कपाटात नवा दिवा लागला, खाली डबा, शेजारी सोललेला गुबऱ्या पसरून टाचलेला. कार्डावर लिहिलं होतं: 'दुहेरी लेबल. काटकसरीच्या काळातला कल्पक पुनर्वापर.'

डावरी वॉचमनकडून ते दोनदा वाचून घेऊन साहेबाच्या खोलीत गेली. "साहेब, खरं काय ते लिहा."

"मावशी, पुरावा नाही आपल्याकडे. आणि ही कपाटं कुणी दिली, तुम्हाला माहीत आहे. आपण इथे वेष्टनाची कला दाखवतो. खटला नाही चालवत."

"मग निदान माझं नाव घाला. डावरीने लावलं असं लिहा. ज्याला कळायचं त्याला कळेल."

हुंग्याचे डोळे चमकले. "कामगाराचं नाव! अरे, हे मला आधी का सुचलं नाही?" दुसऱ्याच दिवशी कार्डावर एक ओळ वाढली. 'कारागीर: डावरी.' लोक ती ओळ वाचून "वा!" म्हणू लागले. एक बाई तर डावरीचा हात हातात घेऊन त्याच्याबरोबर फोटो काढून गेली. डावरीने त्यानंतर तीन वेळा साबण लावून हात धुतला.

वन्सं घरी येईनात. डावरी दोनदा त्यांच्या दाराशी जाऊन आली. आत यंत्र चालू होतं, दार उघडलं नाही.

महिन्याभराने, एका रिकाम्या दुपारी, वन्सं संग्रहालयात आल्या. कामगारांच्या घरच्यांना तिकीट नसतं. तरीही त्यांनी खिडकीवर तिकीट घेतलं. डावरी तिसऱ्या कपाटापाशीच होती. वन्सं तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि कार्ड वाचू लागल्या. ओठ हलत होते. काटकसर. कल्पक. कारागीर.

"हे तू लिहायला लावलंस?"

"नाव तेवढं."

"नऊशे म्हणालीस ना?"

"नऊशे."

"म्हणजे माझी एकटीची नाही."

"नाही, वन्सं."

वन्संनी तोंडात थुंकी गोळा केली आणि काचेवर थुंकल्या. चांगली घसघशीत, गुबऱ्याच्या तोंडाच्या उंचीवर. काचेत डावरीचंही तोंड दिसत होतं, साधारण त्याच जागी. थुंकी कुणासाठी होती ते वन्संनी सांगितलं नाही, डावरीनेही विचारलं नाही. वन्संनी तोंड पुसलं आणि आल्या तशा गेल्या.

वॉचमन धावत आला. "अहो, काय बाई आहे! मावशी, पुसा की पटकन, साहेब येतील! शी, खाली ओघळतेय बघा, कार्डावर जाईल!"

थुंकी काचेवरून सावकाश उतरत होती. डावरीने फडकं बादलीत टाकलं आणि बादली उचलली.

"मावशी, पुसा ना!"

"सुकेपर्यंत हात लावायचा नाही," डावरी म्हणाली, आणि चौथ्या कपाटाकडे गेली.